तळ तापतो तेव्हा

उकड्या तांदळाची पेज वरून निवते, आतून निवत नाही. आमच्या घरी सकाळी दहा-अकराला पेज जेवायची रीत अजून चालू आहे. सोबत कैरीचं खारं, नाहीतर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. दाट पेज काठाकाठाने खायची, मधे चमचा खुपसायचा नाही, हे पोरांना एकदा जीभ पोळली की कळतं. वर पातळ पापुद्रा धरलेला असतो, बोट लावलं तर कोमट. त्याच्याखाली बोटभर अंतरावर मात्र पेज नुकतीच चुलीवरून उतरवल्यासारखी. त्याच मडक्यातली वरची निवळ वाटीत काढली, तर ती थोड्याच वेळात पिण्याजोगी होते. चूल एक, मडकं एक, तांदूळ तेच. मग निवळ पटकन निवते आणि पेज का नाही?

हाच प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन थॉम्पसन यांना पडला होता. जन्म अमेरिकेतला, पुढे बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या पदरी राहून ते काउंट रम्फर्ड झाले. त्यांचंही तोंड तांदळाच्या दाट सुपाने असंच पोळलं होतं. सफरचंदाचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ हा पदार्थ एवढा वेळ गरम कसा राहतो, याचंही त्यांना नवल वाटे. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. उत्तराचा धागा मात्र त्यांना भलत्याच ठिकाणी सापडला. स्पिरिट भरलेला एक मोठा थर्मामीटर प्रयोगानंतर त्यांनी खिडकीत निवत ठेवला होता. नळीवर ऊन आलं, आतल्या द्रवात धुळीचे बारीक कण होते, आणि ते कण धावताना दिसले. नळीच्या मधोमध वर, कडेकडेने खाली. स्थिर वाटणारा द्रव आतल्या आत फिरत होता.

निवळीत हे फिरणं मोकळेपणी चालतं. वरचा थर निवला की तो खाली उतरतो, खालचा गरम वर येतो, तोही निवतो. पेजेत शितं आणि पिठाळपणा ही वाट अडवतात, मग उष्णतेला कणाकणातून झिरपत बाहेर यावं लागतं. ते काम फार सावकाश होतं. रम्फर्ड तर द्रवातून उष्णता अशी झिरपतच नाही, इथपर्यंत गेले. तेवढं काही खरं ठरलं नाही. पाणी उष्णता वाहतं, पण इतकं हळू की त्याच्या भरवशावर कोणी अंघोळीचं पाणी तापवू नये.

अंघोळीच्या पाण्यावरून आठवलं. आमच्या जुन्या घराच्या न्हाणीत चुलीवर बसवलेलं तांब्याचं भाण आहे. सकाळी त्याखाली नारळाची चुडतं आणि करवंट्या पेटतात. चुलीतली राख उडून थोडी पाण्यात पडतेच. बाकीच्यांना तिचा वैताग, मला तिचं अप्रूप. विजेरीचा झोत तिरपा मारला की राखेचे कण काय करतात ते स्वच्छ दिसतं. जाळ भाणाच्या मधोमध असला तर कण मधून वर येतात, पृष्ठभागावर पसरतात, तांब्याच्या कडेला पोचले की रेंगाळतात आणि मग कडेकडेने खाली ओढले जातात. तळाला गेले की पुन्हा मधे. लाकूड एका बाजूला सरकवलं तर थोड्या वेळाने सगळा फेराच त्या बाजूला सरकतो. तळावर पाण्याच्या धुरकट सावल्या हलतात, कारण गरम आणि गार पाण्यातून प्रकाश सारखा वाकत नाही. शाळेच्या पुस्तकात या फेऱ्याला अभिसरण म्हटलं होतं आणि शेजारी बाण काढले होते. ते बाण इथे राखेच्या रूपाने प्रत्यक्ष फिरतात.

‘गरम पाणी वर जातं’ हे सगळ्यांना पाठ असतं. मला ते वाक्य नेहमी अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटतं, कारण पाण्याला स्वतःहून वर जायची काही ओढ नसते. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचं वस्तुमान सुमारे ९९६ ग्रॅम असतं, ९० अंशांना सुमारे ९६५. पाणी तापून पसरलं, तेवढ्याच जागेत एकतीस ग्रॅम कमी मावले, फरक एवढाच. पण गुरुत्वाकर्षण दोघांनाही खाली ओढतंय, आणि जे जड आहे त्याला जास्त ओढतंय. तराजूचं जड पारडं खाली बसतं म्हणून हलकं उचललं जातं, तसंच आजूबाजूचं गार पाणी तळाला घुसतं आणि गरम पाण्याला वर ढकलतं. तरंगणाऱ्या वस्तूंचा हिशेब आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मांडला होता. इथे तरंगणारी वस्तूही पाणीच आहे. वर जाणाऱ्याइतकंच श्रेय खाली उतरणाऱ्याला द्यायला हवं.

याची खात्री करायला चूलही लागत नाही. सोलकढी करताना काचेच्या पेल्यातल्या साध्या पाण्यात कोकमाचं आगळ हळूच सोडून बघा. आगळात मीठ असतं, ते पाण्याहून जड. लालभडक धागे सरळ तळाकडे उतरतात, एकेका धाग्याच्या टोकाला छत्रीसारखा गोल फुटतो, आणि त्यांच्या मधल्या जागेतून स्वच्छ पाणी वर सरकतं. दोन्ही एकाच तापमानाला, तरी हालचाल तीच. म्हणजे मूळ कारण उष्णता नव्हे. मूळ कारण घनतेतला फरक आणि त्या फरकावर काम करणारं गुरुत्वाकर्षण. उष्णता हा तो फरक पाडायचा एक मार्ग, मीठ दुसरा. यातलं गुरुत्वाकर्षणच जाणवेनासं झालं तर काय होतं, ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात दिसतं. तिथे ज्योत वर निमुळती होत नाही, गोळ्यासारखी राहते. उच्छ्वासाची हवा माणसाच्या तोंडासमोरच साचू शकते, म्हणून पंखे सतत चालू ठेवावे लागतात. आपल्या तोंडासमोरची हवा हलते ती फुकटात, याची आपल्याला जाणीवही नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. उष्णता किती दिली यापेक्षा ती कुठे दिली, याला अभिसरणात जास्त महत्त्व आहे.

काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका भाटीवर, म्हणजे काजूची फेणी गाळतात तिथे, गेलो होतो. मोठ्या भांड्यात आंबलेला काजूचा रस उकळत होता. वाफ नळीतून पुढे जायची आणि पाण्याने भरलेल्या टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून उतरता उतरता निवून थेंब थेंब बाहेर पडायची. भाटीवाल्या काकांना विचारून टाकीत हात घातला. मनगटाशी पाणी चांगलंच कढत, आणि बोटांच्या टोकांना विहिरीसारखं गार. एकाच टाकीत, हातभर खोलीत. मधे कुठे तरी एक सीमा होती, ती हाताला अगदी स्पष्ट लागत होती. काकांनी गार पाण्याची रबरी नळी टाकीत खोल सोडली आणि म्हणाले, “गार पाणी तळात सोडायचं, बाबा. वरून ओतलंस तर सगळं ढवळेल. वरचं ऊन पाणी आपसूक उतू जाऊदे.”  गरम पाणी वर साचलं की ते तिथेच बसतं. हलकं वर आणि जड खाली, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला आता करायला काहीच उरत नाही. टाकीत उष्णता कितीतरी होती, पण अभिसरण शून्य.

भाणाला खालून जाळ होता, टाकीत गरम थर वर होता. एकीकडे सगळं फिरतं, दुसरीकडे सगळं थिजतं. स्लॅबच्या घरात मे महिन्यात जे सोसावं लागतं, ते याच टाकीचं नातलग. दिवसभर तापलेलं छत वर, त्याला चिकटून गरम हवेचा थर, आणि ती हवा खाली येत नाही की बाहेरही जात नाही. छताची धग प्रारणाने थेट अंगावर येते ती वेगळीच. जुन्या कौलारू घरांत छप्पर उंच असायचं, कौलांच्या फटी असायच्या, मधे राजांगण असायचं. गरम हवा फटींतून निसटायची आणि तिच्या जागी ओसरीकडून गार हवा आत यायची. चुडतांच्या झावळीने शाकारलेल्या खोपीत आणखी वेगळी युक्ती: पात्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागांत हवा अडकून पडते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पण तो गुण उपयोगी पडायला तिला फिरू द्यायचं नसतं.

तळ तापला म्हणून लगेच फेरा सुरू होतो असंही नाही. १९०० साली आंरी बेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने द्रवाचा अगदी पातळ थर खालून तापवला, तेव्हा त्यात षटकोनी खणांची सुबक जाळी उमटली. १९१६ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी याचं गणित मांडलं. खालचा एखादा गरम थेंब वर सरकू पाहतो तेव्हा दोन गोष्टी त्याला मागे ओढतात. द्रवाचा चिकटपणा त्याची गती खातो, आणि वाटेत उष्णता शेजाऱ्यांत झिरपून त्याचा हलकेपणाच संपतो. वर ढकलणारा जोर या दोघांना पुरून उरला तरच फेरा सुरू होतो. त्या गुणोत्तराला आता रेले अंक म्हणतात. वर-खाली दोन्हीकडे घट्ट पृष्ठभाग असतील तर तो सुमारे १७०८ च्या पुढे जावा लागतो. त्यात थराची जाडी घनाच्या पटीत येते: जाडी दुप्पट, तर अंक आठपट. झावळीतल्या फटी म्हणूनच गप्प राहतात आणि उंच खोलीतली हवा राहत नाही. यात एक गंमतीचा भाग असा की, बेनार यांनी पाहिलेले खण मुख्यतः पृष्ठताणामुळे होते, घनतेमुळे नव्हे, हे १९५०च्या दशकात लक्षात आलं. रेले यांचं गणित बरोबर होतं, ते ज्यासाठी मांडलं तो प्रयोगच दुसऱ्या कारणाचा निघाला. विज्ञानात असं होतं, आणि त्यातून दोन्ही गोष्टी समजतात.

गोव्यावरची हवा भाणातल्या पाण्यासारखी खालून तापते. उन्हातला बराचसा प्रकाश हवेतून आरपार जातो, जमीन तापवतो, आणि जमीन हवेला तापवते. २७ अंशांची हवा ३० अंशांची झाली तर ती एक टक्क्याने हलकी होते. घनमीटरमागे जेमतेम बारा ग्रॅम. वळवाचे ढग उभे राहतात ते या बारा ग्रॅमपासून सुरुवात करून. वर जाणारी हवा पसरते आणि पसरताना निवते, दर किलोमीटरला सुमारे दहा अंश. कोरडी हवा त्यामुळे लवकरच आजूबाजूच्या हवेइतकी जड होऊन थांबते. दमट हवेचं वेगळं. एक तर बाष्प हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकं, त्यामुळे दमट हवा मुळातच थोडी हलकी. शिवाय वर गेल्यावर बाष्पाचे थेंब होतात तेव्हा त्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. निवत चाललेल्या हवेला वाटेतच पुन्हा धग मिळते आणि ती आणखी वर जाते. दुपारी तीन-चारला वाळपईकडून सह्याद्रीच्या माथ्यावर जे पांढरे डोंगर चढताना दिसतात, ते हेच.

आणि पाऊस यायच्या जरा आधी गार वारा सुटतो, माड वाकतात, वाळत घातलेली सोलं गोळा करायला सगळे धावतात. तो वारा या फेऱ्याची उतरती बाजू आहे. ढगातून पडणारे थेंब वाटेत सुकतात, हवा गार आणि जड होते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. ढग चढताना दिसतो म्हणून आपण त्याचंच कौतुक करतो. उतरणारी हवा दिसत नाही, अंगाला लागते.

किनाऱ्यावर हाच खेळ आडवा मांडलेला असतो. ऊन चढलं की जमीन झपाट्याने तापते, समुद्र तापत नाही. पाण्याची उष्णता साठवायची ताकद मोठी, शिवाय ऊन खोलवर शिरतं आणि लाटा ते मिसळतात. जमिनीवरची हवा हलकी होऊन उचलली जाते, तिथला दाब उतरतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा आत शिरतो. रात्री जमीन आधी निवते, मग उलटा मतलई वारा. शिडाच्या होड्या पहाटे याच मतलई वाऱ्यावर दर्यात जायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या.

मान्सून म्हणजे हाच खारा वारा, फक्त खंडाएवढा मोठा, असं आपल्याला शिकवलं जातं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये तापलेल्या जमिनीवरून आणि समुद्रावरून मोसमी वाऱ्यांची फोड केली होती, त्याचीच ती परंपरा. पण हवामानशास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी यावर घेतलेला आक्षेप मला फार पटतो. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, तेव्हा ती निवलेली असते. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी जमीन जास्त तापते, कमी नव्हे. तापलेली जमीन हेच कारण असतं तर दुष्काळी साली पाऊस वाढायला हवा होता. त्यांच्या मते मान्सून म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचं ऋतूनुसार उत्तरेला सरकणं. त्या पट्ट्याचा प्राण म्हणजे उंचच उंच अभिसरण. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंशांच्या पुढे गेल्यावरच असे उंच ढग मोठ्या प्रमाणावर उभे राहू शकतात. उंबरठा इथेही आहे.

हवेचं हे झालं. समुद्र मात्र भाटीवरच्या टाकीसारखा, वरून तापणारा. ऊन वरच्या थरातच जिरतं, कोमट पाणी माथ्यावर बसतं, आणि खालचं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी तळाशी अडकून पडतं. वरच्या थरात उजेड आहे पण खाद्य नाही. खाली खाद्य आहे पण उजेड नाही. या दोघांची गाठ पडल्याशिवाय वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत नाहीत, आणि त्या वाढल्याशिवाय तारली नाही, बांगडा नाही.

गाठ घालून द्यायचा एक मार्ग म्हणजे माथा निववणं. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ईशान्य अरबी समुद्राबद्दल हेच दाखवून दिलं. हिवाळ्यात जमिनीकडून कोरडा, गार वारा समुद्रावर येतो. पाण्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाते आणि मीठ मागे ठेवते. पृष्ठभाग एकाच वेळी गार आणि खारट होतो, दोन्हींनी जड होतो, आणि खाली बुडतो. भाणातला फेरा इथे वरून सुरू होतो. खालच्या थरांतलं नायट्रेट, म्हणजे वनस्पतींचं खाद्य, उजेडात येतं आणि ऐन थंडीत समुद्र हिरवा होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान उघडंच ठेवलं होतं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभं राहून ज्या पाण्याकडे आपण मावळतीसाठी बघतो, त्याच समुद्राच्या उत्तर भागात दरवर्षी एवढी मोठी उलथापालथ होत असते.

आणि ती झाली नाही तर काय होतं, तेही याच संस्थेने उत्तर गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यासमोर वर्षानुवर्षं मोजलं आहे. पावसाळ्यात वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं गार पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. पण त्याच्या डोक्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पातळ झाकणासारखं पसरलेलं असतं. गोडं, ऊबदार आणि म्हणून हलकं. झाकण घट्ट बसतं, हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही, आणि खाली जे काही मरून पडतं ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळालगतच्या पाण्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे जगासमोर ठेवलं. मग ऋतू फिरतो, झाकण विरतं, आणि खालचं पाणी पुन्हा श्वास घेऊ लागतं.

आता समुद्राचा माथाच आणखी तापत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लिहिलं की, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवकात वीस टक्क्यांपर्यंत घट झाली. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते या झाकणावरच: वरचं पाणी तापल्याने थर घट्ट झाले आणि खालचं खाद्य वर येईनासं झालं. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. समुद्राला खालून तापवायला कुठली चूल नाही. त्याला ढवळायला वारा आहे आणि वरून पडणारी थंडी आहे.

बाजारात बांगडा महागला की आपण ट्रॉलरवर बोलतो, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बोलतो, बंदीचे दिवस वाढवावेत की नाहीत यावर भांडतो. ते बोलायलाच हवं. पण आपल्या वर्तमानपत्रांत भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापून येतात, त्यांच्या शेजारी आणखी एक ओळ यावी असं मला फार वाटतं: कांदोळीसमोर पृष्ठभागावर आज किती अंश, वीस मीटरवर किती, आणि प्राणवायू कुठपर्यंत उतरला आहे.